लष्कराची बोली आणि शिपायाचा संसार

पुणे शहराच्या पूर्वेस वसलेल्या ज्या वस्तीला आज सर्वत्र कॅम्प हे नाव पडले आहे, तिला जुने पुणेकर लष्कर असेच म्हणत आले. पेठांतला गृहस्थ कापडखरेदीसाठी तिकडे निघाला, तर ‘लष्करात जाऊन येतो’ असे घरी सांगून निघत असे, इतका हा शब्द त्याच्या नित्य व्यवहारात मुरलेला होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या माळावर पेशव्यांच्या फौजेचा इंग्रजांशी सामना झाला, पुढे थोड्याच अवधीत शहराच्या दोन अंगांना छावण्या उभ्या राहिल्या, आणि तेव्हापासून आजतागायत हे शहर आणि फौज एकमेकांच्या शेजाराने नांदत आहेत. दक्षिण कमांडचे मुख्यालय येथे आहे. खडकीस बॉम्बे सॅपर्सचे केंद्र, दापोडीस लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, वानवडीस १९४८ साली स्थापन झालेले सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, लोहगावास विमानदळाचा तळ, खडकवासल्यास, जिची कोनशिला १९४९ साली पंडित नेहरूंच्या हस्ते बसली ती राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, आणि गोळीबार मैदानाजवळ भूदलातील समस्त अधिकाऱ्यांच्या वेतनाचा हिशेब ठेवणारी रक्षा लेखा खात्याची कचेरी, असा हा सारा पसारा आहे. गोळीबार मैदान आणि रेंज हिल्स ही स्थळनामेसुद्धा निशाणबाजीच्या सरावातूनच निघालेली. इतका निकटचा सहवास असूनही या शेजाऱ्याची भाषा शहरास समजते असे मात्र म्हणवत नाही.

लष्करी परिभाषेविषयी सामान्य जनांत दोन समज दृढ आहेत. एक असा की, ती परक्यास काही कळू नये म्हणून मुद्दाम रचलेली गुप्त भाषा आहे. दुसरा असा की, गणवेषावरील चकचकीत बिल्ल्यांप्रमाणे ती केवळ रुबाबाची बाब आहे. प्रस्तुत लेखकास हे दोन्ही समज चुकीचे वाटतात. गुप्ततेसाठी संकेतशब्द निराळे असतात आणि ते वरचेवर बदलतात. परिभाषा ही रोज उघडपणे बोलली जाते, आणि तिच्यातील बहुतेक प्रत्येक शब्दास कोणाचे तरी कर्तव्य, कोणाचा तरी हक्क किंवा कोणावर तरी येणारे संकट जोडलेले असते. शिपायास तिचा अर्थ रंगरूट असतानाच अंगवळणी पडतो. ज्यांना तो कळत नाही आणि कळण्याची गरज मात्र सर्वांहून अधिक असते, ते त्याचे आईबाप आणि त्याची बायको. या विषयाचा आढावा घेताना हीच बाजू मुख्य धरली पाहिजे असे आमचे मत आहे.

लष्करी शब्दाचे वजन काय असते हे पाहण्यासाठी मराठी माणसास दूर जावे लागत नाही. शिवकालीन घोडदळात शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार हा स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस राहणारा, तर बारगीर हा सरकारी पागेतील घोड्यावर स्वार होणारा. रणांगणात दोघांची दौड सारखीच, जखमाही सारख्याच. परंतु घोडा पडला तर नुकसान कोणाचे, दाणावैरण कोणी घालावयाची, वेतन किती, आणि मोहिमेहून घरी परतताना पदरी काय उरावयाचे, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्या दोन शब्दांत साठविलेली असत. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासदाने जी बखर लिहिली, तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी अशी उतरंड दिली असून दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमल्याचीही नोंद आहे. सेनापतींची नावे इतिहासात गाजतात. पण घोड्यास पाणी कोण पाजणार आणि नाल कोण ठोकणार याची तरतूद ज्या राज्याने शब्दात बांधली, त्याच्या फौजेची शिस्त कशी असेल याची कल्पना या एका नोंदीवरून येते. शिलेदारीची ही पद्धत पुढे इंग्रजी अमदानीतील हिंदी घोडदळानेही उचलली. भरती होणाऱ्या स्वाराने घोड्यासाठी व सरंजामासाठी जी रक्कम भरावयाची तिला ‘असामी’ म्हणत, आणि अनेक शेतकरी कुटुंबे ती कर्ज काढून भरीत. १९१४ च्या महायुद्धात सातासमुद्रापलीकडे घोड्यांची भरपाई करणे या पद्धतीस झेपेना, आणि युद्धानंतर ती मोडीत निघाली. पुण्यात पागा या शब्दाची आठवण आता एका विद्यालयाच्या नावात उरली आहे: १८८४ साली सुरू झालेली मुलींची ती नामांकित शाळा पेशव्यांच्या खाशा घोड्यांच्या पागेच्या जागी उभी राहिली, म्हणून तिला हुजूरपागा म्हणतात.

फौजेतून सुटलेला शब्द व्यवहारात आला की त्याची धार बोथट होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. छबिना म्हणजे रात्री छावणीभोवती फिरणारी गस्त. आज तो देवाच्या पालखीसमवेत निघतो. वानवडीस ज्यांची छत्री आहे त्या महादजी शिंद्यांच्या काळी कंपू म्हणजे तोफांसह सज्ज असलेली कवायती फौज. आज चार स्वार्थी माणसांच्या टोळक्यास आपण कंपू म्हणतो. आणि गारदी हा मूळचा केवळ कवायती पायदळाचा वाचक शब्द, पानिपतावर इब्राहिमखानाच्या गारद्यांनी प्राणपणाने झुंज दिली असतानाही, ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाल्यापासून पुण्यात जो काळवंडला तो कायमचाच. शब्दांचे हे भ्रमण भाषाशास्त्रज्ञांस रम्य वाटेल. परंतु त्यामुळे आपल्या कानांस एक खोड जडली आहे की, लष्करी शब्द ऐकला की त्याचा नेमका अर्थ न विचारता त्यातील भावना तेवढी घ्यावयाची. ही खोड किती महाग पडते ते पुढे दिसेलच.

आजच्या भूदलातील हुद्द्यांची नावे पाहिली तर त्यांतील बरीचशी आपल्याच दप्तरांतून गेलेली आहेत. सुभेदार हा एके काळी सुभ्याचा कारभार पाहणारा मोठा अंमलदार. कंपनी सरकारच्या फौजेत तो शंभरसव्वाशे शिपायांच्या तुकडीतील सर्वांत ज्येष्ठ हिंदी माणूस झाला, आणि आज तो कनिष्ठ आयुक्त अधिकारी या वर्गात मोडतो. हवालदार म्हणजे ज्याच्या हवाली काही केले आहे तो; गडाच्या किल्ल्या ज्याच्या कमरेस असत तो गडाचा हवालदार. आज तीन फितींचा हवालदार आणि दोन फितींचा नाईक यांच्या हवाली दहाएक माणसांचा सेक्शन असतो, आणि शिवकाळी पायदळात नाईकाच्या हाताखाली नऊदहाच पाईक असत, हे लक्षात घेतले म्हणजे एका माणसास संकटसमयी किती माणसे प्रत्यक्ष सांभाळता येतात याविषयीचा अनुभव साडेतीनशे वर्षांत फारसा बदललेला नाही असे दिसते. जमादार हे पद मात्र १९६५ च्या सुमारास नायब सुभेदार झाले, आणि ते योग्यच झाले. कारण दरम्यानच्या काळात कचेरीतील झाडलोट करणाऱ्यासही लोक जमादार म्हणू लागले होते, आणि वीस वर्षे शस्त्र वागविलेल्या माणसाच्या हुद्द्यास तशी सरमिसळ शोभत नव्हती.

या हुद्द्यांबाबत नागरिकांची एक हमखास चूक होते. पायदळातील शिपायास शिपाई म्हणतात. पण त्याच पायरीवरील माणूस अभियंता दलात असला तर सॅपर, तोफखान्यात गनर, संदेश दलात सिग्नलमन, चिलखती दलात सवार आणि काही पलटणींत रायफलमन किंवा ग्रेनेडियर म्हणविला जातो. वर्तमानपत्रांत ही नावे आली की वाचकांस ती निरनिराळ्या पदव्या वाटतात. पलटण हाही असाच फसवा शब्द. इंग्रजी प्लाटूनचा तो भाऊबंद खरा, पण प्लाटून म्हणजे पस्तीसएक माणसे आणि फौजी माणूस ‘माझी पलटण’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात सातआठशे माणसांची सबंध बटालियन असते. १७६८ साली उभी राहिलेली मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन स्वतःस ‘जंगी पलटण’ म्हणते, दुसरी ‘काळी पाचवी’ म्हणते. आणि निवृत्त होऊन तीस वर्षे लोटलेला सातारा जिल्ह्यातील म्हातारा आपली ओळख सांगताना गावाच्या आधी पलटणीचे नाव सांगतो, ते उगाच नव्हे. त्याच जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने तर आपल्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा लावून घेतला आहे.

हुकुमांची भाषा हा या परिभाषेचा सर्वांत श्राव्य भाग. सावधान, विश्राम, दहिने मुड, पीछे मुड, तेज चल, थम हे शब्द शाळेच्या मैदानावरून सर्वांस परिचित आहेत. यांतील लांब हुकुमाचे दोन अवयव असतात: पहिला ताणून उच्चारावयाचा, ज्याने शरीरास सूचना मिळते, नंतर किंचित विराम, आणि मग दुसरा, एकाच आघाताचा, ज्यासरशी शंभर पाय एकदम पडले पाहिजेत. स्वातंत्र्योत्तर काळात इंग्रजी हुकुमांच्या जागी हिंदी हुकूम आले तेव्हा शब्द निवडताना अर्थाइतकाच नादाचा विचार झालेला दिसतो. ‘मुड’ आणि ‘थम’ यांच्यासारखे शब्द मैदानाच्या टोकापर्यंत पोहोचतात, ‘परावर्तित व्हा’ हे पोहोचले नसते. पहारेकऱ्याची जुनी ललकारी ‘हुकुमदार’ ही तर ‘कोण येत आहे’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्याचा हिंदी कंठातून झालेला अवतार. रात्रीच्या काळोखात ती ऐकून जो थबकला नाही त्याच्यावर गोळी सुटू शकत असे, आणि म्हणूनच व्याकरण कितीही अशुद्ध असले तरी तिचा उच्चार मात्र शुद्ध ठेवावा लागे.

बराकीतील नित्याच्या शब्दांवर फार वेळ घालविण्याचे कारण नाही. लंगर म्हणजे मुदपाकखाना, कोत म्हणजे हत्यारांची कोठी, फटीक म्हणजे कवायतीव्यतिरिक्तचे अंगमेहनतीचे काम, रगडा म्हणजे शिक्षा म्हणून काढून घेतलेली मेहनत, उस्ताद म्हणजे शिकविणारा हवालदार. मात्र यांतील दोन शब्दांपाशी थांबले पाहिजे. दरबार हा त्यांतला एक. कमान अधिकारी ठरावीक काळाने सर्व शिपायांस एकत्र बसवितो, त्यांच्याशी बोलतो, आणि ज्याची काही तक्रार असेल त्याने ती तेथे उभे राहून मांडावयाची असते. मुलाच्या पत्रातून किंवा दूरध्वनीवरून ‘दरबारात बोललो’ असे कळले तर घरच्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. त्याने आपला हक्क बजावला एवढाच त्याचा अर्थ. दुसरा शब्द ‘स्टँड टू’. आघाडीवरच्या ठाण्यात पहाटे आणि तिन्हीसांजेस प्रत्येक माणूस हत्यार घेऊन आपल्या मोर्च्यात उभा राहतो, कारण अंधूक उजेडाची ती वेळ हल्ल्यास सोयीची असते. घरी ज्या वेळी देवापाशी दिवा लागतो, नेमक्या त्या वेळी त्याचा फोन का लागत नाही, याचे उत्तर पुष्कळदा या दोन शब्दांत असते.

खडकीच्या संदर्भात सॅपर या शब्दाचा विचार अधिक विस्ताराने करणे उचित होईल. सॅपर्स अँड माइनर्स या नावाचे जुन्या लोकांच्या तोंडी सफरमैना झाले होते. शत्रूच्या तटाखाली भुयार खणून सुरुंग लावणे हे या पेशाचे मूळ काम. आज रस्ता करणे, पूल टाकणे, पाणी पुरविणे आणि शत्रूने पेरलेले भूसुरुंग उचलणे ही कामे त्याच्याकडे असतात. शब्दकोशात एवढे दिले की अर्थ संपतो. पण प्रत्यक्ष चाकरीत त्याचा अर्थ काय होतो हे १९४८ च्या एप्रिल महिन्यात नौशेरा ते राजौरी या रस्त्यावर दिसले. कारवारकडील चेंडिया गावचे राम राघोबा राणे १९४० साली बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे शिपाई म्हणून दाखल झालेले, आणि आता सेकंड लेफ्टनंट म्हणून ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या एका तुकडीचे प्रमुख होते. ८ एप्रिल रोजी सुरुंग काढण्याचे काम सुरू होते न होते तोच शत्रूच्या उखळी तोफांचा मारा झाला. दोन सॅपर ठार झाले, स्वतः राण्यांसह पाच जण जखमी झाले. त्या जखमेनिशी त्यांनी काम चालू ठेवले. ओलांडण्यासारखे नव्हते तेथे वळणरस्ता काढून, आडवे पाडलेले वृक्ष व मोडलेले पूल बाजूस सारून, गोळ्यांच्या वर्षावात हातांनी सुरुंग उचलीत, तीनचार दिवस जवळजवळ अखंड खपून त्यांनी रणगाड्यांस पुढची वाट करून दिली. त्या पराक्रमाबद्दल त्यांस परमवीरचक्र मिळाले. पायदळाचा शिपाई निदान बंदूक रोखून पुढे सरकतो. सॅपरला मात्र शत्रूच्या माऱ्यात, हत्यार खाली ठेवून, दोन्ही हात मातीत घालून काम करावे लागते. मुलगा सॅपर झाला आहे म्हणजे तो ‘बांधकाम खात्यात’ आहे, धोका कमी, असे समाधान मानणाऱ्या घरांनी हा प्रसंग जाणून घ्यावा, आणि त्याच्याकडे त्या मानाने पाहावे.

येथवर जे शब्द आले ते मुखाने बोलले जाणारे. त्यांहून कठीण आणि घराच्या दृष्टीने त्यांहून महत्त्वाचे शब्द कागदावरचे. शिपायाची बदली झाली की त्याच्या पत्त्यात गावाचे नाव नाहीसे होऊन ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ एवढेच उरते. पहिला आकडा असला तर टपाल दिल्लीच्या मध्यवर्ती लष्करी टपालकचेरीतून जाते, दुसरा असला तर कोलकात्याच्या. यापलीकडे त्या पत्त्यावरून ठिकाणाचा पत्ता लागत नाही, आणि लागू नये हाच त्याचा हेतू आहे. ‘पीस’ म्हणजे जेथे कुटुंब नेता येते असे ठाणे, ‘फील्ड’ म्हणजे जेथे नेता येत नाही असे. या दोन शब्दांवर मुलांच्या शाळा, म्हाताऱ्यांची औषधपाणी आणि नवराबायकोचा सहवास अवलंबून असतो. पुण्यासारख्या शहरात अशी कितीतरी बिऱ्हाडे आहेत की ज्यांतील कर्ता पुरुष फील्डला आहे आणि बायको एकटी संसाराचा गाडा ओढीत आहे.

या कागदी शब्दांत ‘पार्ट टू ऑर्डर’ हा सर्वांत रूक्ष आणि सर्वांत मोलाचा. शिपायाचे लग्न, मुलांचे जन्म, रजा, बढती या प्रत्येक घटनेची नोंद या आदेशात प्रसिद्ध होऊन त्याच्या अभिलेख कार्यालयात पोहोचते. जे तेथे प्रसिद्ध झाले नाही ते फौजेच्या लेखी घडलेच नाही. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल आहे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, सासरी दुसरे, आधारपत्रावर तिसऱ्याच प्रकारचे वर्णलेखन, आणि पार्ट टू ऑर्डरमध्ये शिपायाने घाईने सांगितलेले चौथेच, असे झाले म्हणजे नवरा हयात असेतोवर काही बिघडत नाही. तो गेल्यावर मात्र विधवेस आपण त्याचीच पत्नी आहोत हे कचेरीकचेरीतून सिद्ध करीत फिरावे लागते. इतक्या लहान नोंदीपायी इतका मोठा छळ व्हावा हे पाहून मन विषण्ण होते.

गैरहजेरीच्या शब्दांची गोष्ट अशीच. पेरणीस किंवा बहिणीच्या लग्नास आलेला मुलगा चार दिवस जास्त राहिला, तर घरच्यांस त्यात गंभीर असे काही वाटत नाही. परंतु १९५० च्या सैन्य अधिनियमात कलम ३८ हे पलायनाचे आणि कलम ३९ हे विनारजा गैरहजेरीचे आहे. रजेपेक्षा जास्त राहणे हे दुसऱ्यात मोडते व त्यास कमाल तीन वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. पलायनास, प्रत्यक्ष लढाईवर असताना ते घडले तर, देहांतापर्यंत शिक्षा आहे. दोहोंतील भेद मुख्यतः हेतूचा, आणि हेतू सिद्ध करण्याची साधने बहुधा साध्या गोष्टीच असतात: वेळेवर धाडलेला निरोप, डॉक्टरचा दाखला, जवळच्या लष्करी ठाण्यावर दिलेली खबर. गैरहजेरीस तीस दिवस झाले की चौकशी बसते. म्हणून ‘चार दिवस राहा, काही होत नाही’ हा मायेचा आग्रह घरच्यांनी करू नये. शिक्षेची नोंद सेवापत्रकात लाल शाईने होते, तिला ‘रेड इंक एंट्री’ म्हणतात. अशा चार नोंदी झाल्या की माणूस आपोआप घरी जातो ही समजूत बराकींत पसरलेली होती. केवळ आकड्यावरून तसे करता येत नाही, प्रत्येक प्रकरणाचा साकल्याने विचार केला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले.

याहून अधिक घरे ज्या शब्दांवर तरली वा बुडाली ते अपंगत्वाचे शब्द. भरती होताना निरोगी असलेला माणूस पंधरा वर्षांनी रक्तदाब, मनोविकार किंवा गुडघ्याचे दुखणे घेऊन बाहेर पडतो, तेव्हा वैद्यकीय मंडळ त्याच्या कागदावर दोनपैकी एक मत नोंदविते: रोग सेवाजन्य किंवा सेवेने बळावलेला आहे, अथवा तसा नाही. या एका ओळीवर त्याचे अपंगत्व निवृत्तिवेतन अवलंबून असते. भरतीच्या वेळी ज्या दोषाची नोंद नव्हती तो पुढे उद्भवला तर तो सेवेमुळेच उद्भवला असे गृहीत धरावे आणि उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर असावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धर्मवीर सिंग यांच्या प्रकरणी दिला. कित्येक माजी सैनिक आपल्या कागदावर काय लिहिले आहे हे न वाचताच सही करून बाहेर पडलेले असतात, आणि वर्षानुवर्षांनी कोणी वाचून दाखविल्यावर त्यांस आपला हक्क कळतो.

आणि शेवटी मृत्यूचे शब्द. गणवेषात कोणीही, कोठेही, कशानेही गेला तरी आपली वर्तमानपत्रे त्यास शहीद म्हणतात, गावात फलक लागतात, आणि या सन्मानात कोणी कमीअधिक करावे असे आम्हीही म्हणणार नाही. परंतु ही संज्ञा सेनादलांत अधिकृतपणे वापरली जात नाही असे केंद्र सरकारने संसदेत वेळोवेळी सांगितले आहे. फौजेच्या कागदावर ‘बॅटल कॅज्युअल्टी’ आणि ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ असे दोन निराळे वर्ग असतात. ३१ जानेवारी २००१ च्या आदेशाने मृत्यूच्या कारणांचे पाच वर्ग पाडले आहेत. युद्धात किंवा अतिरेक्यांशी लढताना मृत्यू आला तर विधवेस पतीच्या अखेरच्या वेतनाइतके उदारीकृत कुटुंबवेतन मिळते. सेवेशी संबंधित रोगाने वा अपघाताने आला तर साठ टक्के. आणि सेवेशी संबंध नसलेल्या कारणाने आला तर सर्वसाधारण दराने तीस टक्के. फलकावर तिघांचाही शब्द एक. विधवेच्या हाती पडणारी रक्कम मात्र पहिलीची तिसरीच्या तिपटीहून अधिक. मृत्यू कोणत्या वर्गात नोंदला गेला हे विचारणे म्हणजे मृताचा अवमान नव्हे. ते विचारणे हे घरातील वडील माणसाचे कर्तव्य आहे, आणि चौकशी चालू असतानाच ते विचारले पाहिजे.

आपल्या पूर्वजांस हे ठाऊक होते. बखरींत रणात पडलेल्या माणसास ‘कामास आला’ म्हणतात, आणि त्या साध्या शब्दाच्या मागे तरतूद होती. अफजलखानाच्या प्रसंगानंतर कामास आलेल्यांच्या मुलांचे शिवाजी महाराजांनी चालविले, पुत्र नसलेल्यांच्या बायकांस निमे वेतन लावून दिले, आणि जखमींस जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत बक्षीस दिले, असे सभासद सांगतो. अपंगत्वाची टक्केवारी ठरविणारी आजची मंडळे जे करतात तेच हे काम, साडेतीनशे वर्षांपूर्वीचे. फरक इतकाच की, ते ज्या भाषेत झाले ती शिपायाच्या आईला कळत होती.

राज्याभिषेकाच्या सुमारास रघुनाथपंडितांकडून सिद्ध करविलेल्या राज्यव्यवहारकोशात दहा वर्गांत सुमारे चौदाशे शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. सरनोबताचा सेनापती झाला तो टिकला. हवालदार, नाईक, पागा यांनी जागा सोडली नाही, कारण ते शिपायाच्या जिभेवर होते. पुढे इंग्रजी अमदानीत मराठीचा जो थोर कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला, तो रचणारा मोल्सवर्थ आणि त्याचे साहाय्यक कँडी बंधू हे मुंबई फौजेतले अधिकारी होते, ही गोष्ट या शहरात तरी विसरली जाऊ नये. परकीय सैनिकांनी आमची भाषा शिकून घेण्यासाठी जे कष्ट केले, त्याच्या दशांशाने कष्ट आम्ही आमच्याच सैनिकांची भाषा समजून घेण्यासाठी केलेले नाहीत. पर्यायी शब्द घडविण्याची येथे फारशी गरज नाही. पार्ट टू ऑर्डरला ‘द्वितीयभागादेश’ म्हटल्याने कोणाचे हित होणार नाही. तो शब्द तसाच ठेवून त्याचा अर्थ, त्याची मुदत आणि त्यातील चूक दुरुस्त करण्याची रीत साध्या मराठीत सांगितली पाहिजे. चार वर्षांच्या मुदतीचा ‘अग्निवीर’ २०२२ पासून आला आहे, निवृत्तिवेतनाचा कारभार ‘स्पर्श’ या संगणकीय व्यवस्थेत गेला आहे, माजी सैनिकांच्या औषधोपचाराची ‘ईसीएचएस’ योजना २००३ पासून चालू आहे; दर काही वर्षांनी नव्या शब्दांची भर पडतच राहणार.

राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे मुख्यालय पुण्यातच, घोरपडी येथे आहे. मराठीच्या अभ्यासकांची, निवृत्त अधिकाऱ्यांची आणि वकिलांची या शहरात वाण नाही. या तिघांनी एकत्र बसून दीडदोनशे शब्दांची एक स्वस्त मराठी पुस्तिका तयार करावी आणि ती भरती झालेल्या प्रत्येक मुलाबरोबर त्याच्या घरी जावी, अशी आमची त्यांस कळकळीची विनंती आहे. ती होईल तेव्हा होवो. तोवर ज्या वाचकांच्या घरातील मुलगा, भाऊ किंवा जावई फौजेत आहे, त्यांनी तो पुढच्या रजेवर येईल तेव्हा त्याच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत मागून घ्यावी, आणि तीत पत्नीचे व मुलांचे नाव आधारपत्राप्रमाणे अक्षरशः जुळते की नाही हे आपल्या डोळ्यांनी पाहावे.